मोठ्या रकमेचा जामीन: आदेश निघाल्यापासून माणूस घरी येईपर्यंत

जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस सुटला, असं धरून चालणारी कुटुंबं कोर्टाच्या आवारात रोज दिसतात. दुपारी आदेश होतो, नातेवाइकांच्या ग्रुपवर हात जोडलेले इमोजी पडतात, आणि संध्याकाळी वकील सांगतात की दोन लाखांचा ऐपतदार जामीनदार लागेल. मग गावच्या काकांचा सातबारा काढला जातो. त्यावर विकास सोसायटीचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, निघते. दुसरा जामीनदार शोधेपर्यंत चौथा शनिवार येतो. माणूस आतच.

पंधरा-वीस हजारांच्या जामिनात हे सगळं कसंबसं निभावून जातं. रक्कम लाखाच्या पुढे गेली की कोर्ट प्रत्येक कागद उलटून बघतं, आणि तिथे लोकांची चूक बहुतेक वेळा एकच असते: कामांचा क्रम. जे सुनावणीच्या आधी करायचं ते आदेशानंतर करायला घेतात.

खालची माहिती महाराष्ट्रातल्या कोर्टांपुरती आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ आली. तरतुदी जवळपास त्याच, कलमांचे आकडे बदलले. वकील अजूनही बोलताना ४४० किंवा ४४६ म्हणतात. नव्या संहितेत ती अनुक्रमे ४८४ आणि ४९१ आहेत. इथे मी नवेच आकडे वापरले आहेत.

## सुरुवातीला: तीन गोष्टींची गल्लत करू नका

पहिली, जातमुचलका, म्हणजे पी.आर. बाँड. आरोपी स्वतः लिहून देतो की मी तारखांना हजर राहीन, नाही राहिलो तर इतकी रक्कम भरीन. यात आज एक रुपयाही भरायचा नसतो. 'पाच लाखांचा पी.आर. बाँड' ऐकून दागिने गहाण टाकायला धावणारे लोक असतात. आधी थांबा आणि आदेश वाचा.

दुसरी, जामीनदार. तिसरा माणूस कोर्टाला हमी देतो की आरोपी हजर राहील, आणि नाही राहिला तर रक्कम माझ्याकडून वसूल करा. यातही आज पैसे जात नाहीत, पण तेवढी ऐपत असल्याचे कागद दाखवावे लागतात.

तिसरी, रोख जामीन, बोलीभाषेत कॅश बेल. इथे रक्कम खरोखरच कोर्टात जमा होते. कलम ४९० प्रमाणे कोर्ट बाँडऐवजी रोख रक्कम किंवा सरकारी रोखे स्वीकारू शकतं. हा आरोपीचा आपोआप मिळणारा हक्क नाही, कोर्टाची परवानगी लागते.

अमेरिकन मालिकांमध्ये दिसतो तसा दहा टक्के घेऊन जामीन भरणारा परवानाधारक धंदेवाला आपल्याकडे नाही. अमेरिकेच्या अनेक राज्यांत तो कायदेशीर व्यवसाय आहे. इथे कोर्टाच्या गेटवर 'शुअरिटी पाहिजे का?' विचारणारा माणूस त्याचा भारतीय अवतार नव्हे. त्याच्याबद्दल पुढे येईलच.

## टप्पा १: जामीनदाराची फाईल सुनावणीच्या आधी तयार ठेवा

जामीन अर्ज दाखल झाला त्याच दिवशी हे काम सुरू करा. अर्ज फेटाळला गेला तर वाया काय जातं? थोडी धावपळ आणि झेरॉक्सचे पैसे. मंजूर झाला तर आठवडाभर वाचतो.

कोणाला उभं करायचं याचा विचार नात्यावरून करू नका, कागदांवरून करा. सख्खा भाऊ भाड्याच्या घरात राहत असेल आणि त्याची नोकरी रोखीच्या पगाराची असेल, तर तीन लाखांच्या जामिनाला तो चालणं कठीण आहे. त्यापेक्षा शिक्षिका असलेली आत्या बरी. सरकारी किंवा निमसरकारी पगारपत्रक कोर्टात सहज वाचलं जातं.

जामीनदार सज्ञान हवा आणि त्याच प्रकरणातला आरोपी नको. आरोपीचा वकीलही जामीनदार होऊ शकत नाही. बार कौन्सिलच्या आचारनियमांत त्याला मनाई आहे, तेव्हा 'साहेब, तुम्हीच राहा ना' असा आग्रह धरून त्यांना अडचणीत टाकू नका. जामीनदार आरोपीला खरोखर ओळखणारा हवा, कारण न्यायाधीश समोर उभं करून विचारतात: आरोपी तुमचा कोण? राहतो कुठे? गुन्हा काय आहे, माहीत आहे का? त्यावर 'मला भाऊंनी पाठवलं' असं उत्तर देणारे जामीनदार तिथल्या तिथे परत जातात.

आणखी एक प्रश्न लोक विचारायलाच विसरतात: या आधी कोणासाठी जामीन राहिला आहात का? कलम ४८६ प्रमाणे जामीनदाराला आपण आणखी किती जणांसाठी जामीन राहिलो आहोत ते तपशिलासह जाहीर करावं लागतं. आधीचा जामीन आहे म्हणून नवा नाकारलाच जाईल असं नाही, पण लपवला आणि उघड झाला तर जामीनदार स्वतःच खोट्या प्रतिज्ञापत्राच्या भानगडीत सापडतो.

तपासा: दोन जामीनदार पक्के आणि तिसरा राखीव. तिघांशीही घरी बसून, नीट, जोखीम सांगून बोलणं झालंय का? 'फक्त एक सही पाहिजे' असं सांगून आणलेला माणूस न्यायाधीशांच्या पहिल्याच प्रश्नाला बिचकतो.

## टप्पा २: आदेश शब्दन् शब्द वाचा

आदेशाची प्रत मिळाली की पुढच्या गोष्टी पेनाने अधोरेखित करा.

१. जातमुचलक्याची रक्कम.

२. जामीनदार एक, दोन, की 'एक किंवा दोन'. 'तितक्याच रकमेचे एक किंवा दोन जामीनदार' अशा शब्दरचनेत दोघांनी मिळून रक्कम भागवायची की प्रत्येकाने पूर्ण दाखवायची, यावर खालच्या कोर्टात वाद होतो. वकिलांकडून आदल्या दिवशीच संबंधित कोर्टात विचारून घ्या.

३. 'ऐपतदार' हा शब्द आहे का. असला तर कित्येक ठिकाणी तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला मागतात.

४. तूर्त रोख जामिनाची मुभा आहे का, आणि किती आठवड्यांची.

५. पासपोर्ट जमा करणं, पोलीस ठाण्यात हजेरी, जिल्ह्याबाहेर न जाणं अशा अटी. यातली कोणती सुटकेच्या आधी पुरी करायची आणि कोणती नंतर, हे वेगळं लिहून काढा. पासपोर्टची अट आधीची असेल आणि पासपोर्ट तपास अधिकाऱ्याने आधीच जप्त केला असेल, तर जप्ती पंचनाम्याची प्रत लागेल.

६. बाँड कुठे करायचा. उच्च न्यायालयाने जामीन दिला तरी बाँड साधारणपणे खटल्याच्या कोर्टातच होतो. फोर्टमधल्या इमारतीत जामीनदार घेऊन ताटकळणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं काम होतं बेलापूरला.

इशारा: मुदतीत आरोपपत्र न आल्यामुळे मिळणाऱ्या जामिनात, म्हणजे कलम १८७(३) खालच्या ६० किंवा ९० दिवसांच्या जामिनात, दिरंगाई जास्तच महाग पडते. तिथे कायद्याची भाषाच अशी आहे की आरोपी जामीन द्यायला तयार असला पाहिजे आणि त्याने तो दिला पाहिजे. अर्ज करून कागद गोळा करत बसू नका. या प्रकारच्या जामिनासाठी मोठी रक्कम जमा करण्याची अट घालता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे. तशी अट आली तर ती वकिलांच्या लक्षात आणून द्या.

## टप्पा ३: रोख आणि जामीनदार, दोन्ही वाटा एकदम चालू करा

मोठ्या रकमेत जलद सुटकेचा सरळ मार्ग हा: तूर्त रोख जामीन भरून माणूस बाहेर आणायचा आणि मिळालेल्या मुदतीत जामीनदाराचे कागद पुरे करायचे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांत चार किंवा सहा आठवड्यांची अशी मुभा बऱ्याचदा दिसते. नसली तर खटल्याच्या कोर्टात त्यासाठी वेगळा अर्ज देता येतो.

रोख रक्कम कोर्टाच्या नाझर विभागात (कोर्टाचे पैसे सांभाळणाऱ्या कार्यालयात) किंवा कोर्ट सांगेल त्या पद्धतीने भरायची असते आणि तिची पावती मिळते. ही पावती खटला संपेपर्यंत जपायची आहे. पावतीवरची छपाई काही वर्षांत फिकी पडू शकते, म्हणून त्याच दिवशी रंगीत झेरॉक्स आणि फोटो दोन्ही काढा. पावतीवर पैसे भरणाऱ्याचं नाव कोणाचं पडतं तेही बघा. पैसे सासऱ्यांचे आणि पावती आरोपीच्या नावावर, अशा प्रकारांतून पुढे घराघरांत भांडणं लागतात.

पैसे कुठून आले हेही महत्त्वाचं. नातेवाइकांकडून उसने घेत असाल तर बँकेतून घ्या. वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने उसनी घेणं आयकर कायद्यात बसत नाही. फसवणूक किंवा आर्थिक गुन्ह्याचं प्रकरण असेल तर ही खबरदारी दुप्पट घ्या. ज्या पैशांवरून गुन्हा दाखल झाला, त्यातलेच पैसे जामिनाला आले अशी शंकासुद्धा सरकारी पक्षाला येऊ देऊ नका.

नेहमीची चूक: तूर्त रोख जामिनावर माणूस घरी आला की सगळे सुस्तावतात. चार आठवडे कधी सरले कळत नाही. मुदत संपली आणि ना जामीनदार दिला ना मुदतवाढ मागितली, तर जामीन रद्द होऊन वॉरंट निघू शकतं. आदेशाच्या तारखेपासून आठवडे मोजा आणि शेवटच्या दिवसाच्या किमान सात दिवस आधी जामीनदार कोर्टात उभा करा.

## टप्पा ४: ऐपतीचे कागद

सगळ्यात जास्त फेऱ्या इथे होतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

शेतजमीन असेल तर. महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा ताजा सातबारा पंधरा रुपयांत निघतो. गेल्या वर्षीची पिवळी पडलेली प्रत आणू नका. सोबत आठ-अ, म्हणजे खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा, घ्या. जमीन वारसाने आली असेल तर फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याची नोंद, तोही काढा. मग उतारा स्वतः वाचा, कोर्टाच्या आधी. चार जागी बघायचं:

नाव आधारवरच्या नावाशी जुळतं का? 'बाळू' आणि 'बाळासाहेब' या फरकावरून कागद परत आलेले आहेत. एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

खातं सामाईक आहे का? सहा भावांच्या नावावर तीन हेक्टर असेल तर जामीनदाराचा हिस्सा अर्धा हेक्टरच धरला जाईल. कोर्ट किंमत मोजतं ती त्या हिश्श्याची.

इतर हक्कांत काय लिहिलंय? बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असेल आणि कर्ज फिटलं असेल, तर आधी बोजा कमी करून घ्या. बोजा चालू असेल तर दुसरी जमीन किंवा दुसरा जामीनदार बघा.

भोगवटादार वर्ग एक की दोन? वर्ग दोनच्या आणि आदिवासींच्या जमिनींच्या हस्तांतरावर निर्बंध असतात. वसुलीची वेळ आली तर विकता न येणारी जमीन हमीला कमजोर पडते.

शहरातला फ्लॅट असेल तर. सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, चालू वर्षाची मालमत्ता कराची पावती, वीजबिल आणि सोसायटीच्या लेटरहेडवर चिटणिसांचं पत्र. फ्लॅटवर गृहकर्ज असेल तर मूळ कागद बँकेकडे असतात आणि पूर्ण किंमत मोजली जात नाही. बँकेचं ताजं कर्जखात्याचं विवरण जोडा, म्हणजे शिल्लक किती ते दिसेल. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा लागतो; मोठ्या रकमेला तो एकटा क्वचितच पुरतो.

पगारदार जामीनदार असेल तर. शेवटच्या तीन ते सहा महिन्यांची पगारपत्रकं, ओळखपत्र, कार्यालयाचं नोकरी चालू असल्याचं पत्र आणि फॉर्म १६. रकमेशी पगाराचा मेळ बसायला हवा. महिना पंचवीस हजारांवर दहा लाखांची हमी कोर्ट घेत नाही, आणि घेऊही नये.

व्यावसायिक असेल तर तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं आणि बँकेचं खातेविवरण. दहा लाखांच्या वरच्या जामिनात मालमत्तेचा मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराचा अहवाल जोडला तर प्रश्न कमी होतात. निदान त्या भागाचा रेडी रेकनरचा दर तरी काढून ठेवा.

ऐपतीचा दाखला. आपले सरकार पोर्टल किंवा सेतूमधून अर्ज जातो, तलाठी आणि मंडळ अधिकारी चौकशी करतात, सही तहसीलदारांची. दोन-तीन आठवडे धरून चला. म्हणूनच टप्पा १ मध्ये सांगितलं की सुरुवात लवकर करा. दाखल्यावरची रक्कम आदेशातल्या रकमेपेक्षा थोडी जास्त मागा. एक लाखाचा दाखला आणि सव्वा लाखाचा आदेश, असं झालं की पुन्हा पहिल्यापासून.

ओळखीचे कागद वेगळे: आधार, पॅन, रेशन कार्ड, ताजे फोटो. सगळे मूळ आणि दोन-दोन स्वसाक्षांकित प्रती. मूळ कागद दाखवून परत मिळतात. कित्येक कोर्टांत त्यावर जामीन दिल्याचा शिक्का किंवा नोंद होते, म्हणजे तोच कागद दहा ठिकाणी फिरत नाही. शिक्का बघून जामीनदाराने दचकू नये म्हणून हे त्याला आधीच सांगा.

इशारा, मोठ्या अक्षरात: गेटवरचा एजंट. तो सांगतो, पाच लाखांच्या जामिनाला अमुक हजार द्या, जामीनदार आमचा, कागद आमचे. ते कागद बऱ्याचदा बनावट असतात: दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर वेगळा फोटो, खोटं आधार, खोटं रेशन कार्ड. मुंबई, ठाणे, पुण्यात अशा टोळ्यांवर गुन्हे दाखल झालेले आहेत. पडताळणीत खोटेपणा निघाला की आरोपीचा जामीन तर जातोच, शिवाय बनावट कागद वापरल्याचा नवा गुन्हा लागतो, आणि त्यात पैसे देणारे नातेवाईकही येऊ शकतात. खऱ्या जामीनदाराला 'काही झालं तर तुझे पैसे आम्ही भरू' असा करार करून देणंही फोल आहे. तसा करार सार्वजनिक हिताच्या विरुद्ध म्हणून न्यायालयं मानत नाहीत. जामीनदाराला जोखीम असावी, म्हणून तर त्याला उभं करतात.

## टप्पा ५: जामीनदार कोर्टासमोर

सकाळी साडेदहाला पोचा, दुपारी तीनला नव्हे. जामीनदार, मूळ कागद, प्रतिज्ञापत्र, फोटो आणि आदेशाची प्रमाणित किंवा डिजिटल सहीची प्रत एकाच फाईलमध्ये हवी. वकील बाँडचे नमुने भरतात, ते बेंच क्लार्ककडे जातात, मग जामीनदाराला पुकारतात.

कलम ४८५ प्रमाणे कोर्ट प्रतिज्ञापत्रावर समाधान मानू शकतं किंवा चौकशी करू शकतं. रक्कम मोठी असली की चौकशीचा कल वाढतो: पत्ता पडताळायला पोलीस ठाण्याला पत्र, कधी तलाठ्याकडून उताऱ्याची खात्री. त्यात आठवडा-दोन आठवडे जातात. त्या काळापुरता तूर्त रोख जामीन मागा. पडताळणीचं पत्र टपालावर सोडू नका. कोणत्या पोलीस ठाण्याला गेलं, जावक क्रमांक काय, हे विचारून जामीनदाराला त्या दिवसांत घरी थांबायला सांगा. हवालदार आला आणि घराला कुलूप दिसलं, तर अहवालात 'आढळून आला नाही' असं जातं. ते निस्तरायला महिना लागतो.

जामीनदार परजिल्ह्यातला आहे म्हणून नाकारला, तर? हा वाद १९७८ मध्येच मोती राम खटल्यात मिटला आहे. दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीन मागून भावाची हमी, मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असल्याच्या कारणावरून, नाकारली होती. सर्वोच्च न्यायालयाने ते खोडून काढलं आणि एक हजाराच्या जातमुचलक्यावर सुटका केली. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांतही स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळे सुटका रखडते, ती अट घालू नये, असं आहे. हे निर्देश छापून फाईलमध्ये ठेवा, पण न्यायाधीशांसमोर फडकवू नका. वकिलांना मांडू द्या.

एकाच माणसावर अनेक गुन्हे असतील तर प्रत्येक प्रकरणात वेगळे जामीनदार आणायचे कुठून, हा प्रश्न ठेवीदारांच्या फसवणुकीसारख्या प्रकरणांत हमखास येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये गिरीश गांधी प्रकरणात अनेक राज्यांत मिळून तेरा गुन्हे होते. सर्वोच्च न्यायालयाने तेच जामीनदार अनेक प्रकरणांत चालतील अशी सोय करून दिली. तुमची अडचण तशीच असेल तर हा निकाल वकिलांना नक्की सांगा.

## टप्पा ६: सुटकेचा आदेश कारागृहापर्यंत

बाँड स्वीकारला की कोर्ट सुटकेचा आदेश काढतं. तो कोर्टातून निघण्याआधी स्वतः वाचा: आरोपीचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गुन्हा रजिस्टर नंबर, पोलीस ठाणं, खटला क्रमांक आणि सगळी कलमं. एक कलम राहिलं तर तुरुंग अधिकारी आदेश परत पाठवतात, आणि त्यांचं चुकतही नाही.

दुसरं म्हणजे वेळ. संध्याकाळच्या ठरलेल्या वेळेनंतर आलेल्या आदेशावर त्या दिवशी सुटका होत नाही. ऑक्टोबर २०२१ च्या मुंबई क्रूझ प्रकरणात उच्च न्यायालयाने २८ तारखेला आर्यन खानला जामीन दिला, २९ ला एक लाखाच्या बाँडसह अटी आल्या, जामीनदारही उभा राहिला. पण आदेश साडेपाचच्या आत आर्थर रोडला पोचला नाही आणि सुटका ३० ला सकाळी झाली. देशभरचे कॅमेरे दारात आणि नामवंत वकिलांची फौज असतानाची ही गोष्ट.

तिसरं, दुसरा गुन्हा. आरोपी आणखी एखाद्या प्रकरणात अटकेत असेल किंवा दुसऱ्या कोर्टाचं वॉरंट कारागृहात पडलेलं असेल, तर या आदेशाने दार उघडत नाही. त्याची चौकशी जामीन अर्जाच्या वेळीच करा.

## रक्कम झेपत नसेल तर

कायद्यात जामिनाचं दरपत्रक नाही. कलम ४८४ एवढंच म्हणतं की प्रकरणाची परिस्थिती बघून रक्कम ठरवावी आणि ती अवाजवी नसावी. वरची मर्यादा नसल्यामुळे टोकाची उदाहरणंही आहेत: २०१४ मध्ये सहारा समूहाच्या सुब्रत रॉय यांच्या सुटकेसाठी सर्वोच्च न्यायालयाने दहा हजार कोटींची अट घातली, निम्मी रोख आणि निम्मी बँक हमी. ती पुरी न झाल्याने ते २०१६ मध्ये पॅरोल मिळेपर्यंत तिहारमध्येच होते. ते प्रकरण गुंतवणूकदारांच्या परताव्याचं होतं, नेहमीच्या फौजदारी जामिनाचं नव्हे, त्यामुळे त्यावरून आपला अंदाज बांधू नका.

दंडाधिकाऱ्यांनी किंवा पोलिसांनी ठरवलेली रक्कम कमी करण्याचा अधिकार त्याच कलमाने सत्र न्यायालयाला आणि उच्च न्यायालयाला आहे. अर्जात 'आम्ही गरीब आहोत' एवढंच लिहून भागत नाही. उत्पन्नाचा दाखला, घरातली माणसं, कर्जं आणि आदेशानंतर किती दिवस आत गेले, हे मांडा. २०२३ च्या निर्देशांप्रमाणे जामीन होऊनही सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं, आणि महिनाभरात बाँड भरला गेला नाही तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयातच असतं. कोणी कळवण्याची वाट न बघता तुम्ही स्वतः जा.

आता एक वेगळा मुद्दा, कारण यात लोक सगळ्यात जास्त अडकतात. फसवणुकीच्या प्रकरणांत आरोपीकडून 'तक्रारदाराचे इतके लाख भरतो' अशी हमी देऊन जामीन घेण्याची पद्धत पडली होती. पैसे भरले गेले नाहीत की जामीन रद्द. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की जामीन हा वसुलीचा मार्ग नाही. २०२५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या गजानन गोरे प्रकरणात त्याने पुढे जाऊन सांगितलं की अशा रक्कम भरण्याच्या हमीवर जामीन देऊच नये, तो गुणदोषांवर ठरवावा. त्या प्रकरणात हमी पाळली नाही म्हणून आरोपीला खर्चाचा भुर्दंडही बसला. थोडक्यात, जी रक्कम उभी करता येणार नाही तिची हमी घाईत देऊ नका. वकिलांनी सुचवलं तरी.

## खर्चाचा हिशेब

पाच लाखांचा आदेश धरू. जामीनदार मिळाला तर सरकारी आणि कागदी खर्च, म्हणजे प्रती, तिकिटं, नोटरी, दाखला, येणं-जाणं, काही हजारांत बसतो. मूल्यांकन अहवाल लागला तर आणखी. वकिलांची फी वेगळी. ती आधीच विचारा, आणि 'जामीन अर्जाची फी' यात बाँड भरण्याचं काम धरलंय का, तेही स्पष्ट करून घ्या.

रोख भरली तर पाच लाख परत मिळणारे असतात, पण अडकतात. कोर्टात पडलेल्या रकमेवर साधारणपणे व्याज मिळत नाही. मुदत ठेवीचा दर सात टक्के धरला तर वर्षाला पस्तीस हजारांचं व्याज बुडतं, आणि खटले तीन-चार वर्षं सहज चालतात. म्हणून रोख जामीन तूर्तच ठेवा आणि कायमचा जामीनदार दिला की रक्कम परत मागण्याचा अर्ज लगेच करा. नवा बाँड स्वीकारला म्हणून रोख आपोआप परत येत नाही.

## टप्पा ७: सुटल्यानंतर

आरोपी तारखेला गैरहजर राहिला की बाँड जप्त होऊ शकतो. कलम ४९१ प्रमाणे जामीनदाराला नोटीस येते: रक्कम भरा किंवा का भरू नये ते सांगा. नोटीस आली की गप्प बसू नका. आरोपी आजारी होता, रुग्णालयात होता, तर त्याचे कागद घेऊन हजर व्हा. रकमेचा काही भाग माफ करण्याचा अधिकार कोर्टाला आहे. रक्कम भरली नाही आणि जप्तीतूनही वसूल झाली नाही, तर जामीनदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. आरोपीवर गैरहजेरीचा वेगळा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २६९ खाली लागतो, तो वेगळाच.

आरोपी हाताबाहेर जातोय असं जामीनदाराला वाटलं तर कलम ४८९ खाली तो स्वतःची मोकळीक मागू शकतो. मग कोर्ट वॉरंट काढून आरोपीला समोर आणतं आणि दुसरा जामीनदार द्यायला सांगतं. जामीनदार वारला तरी नवा द्यावा लागतो. ही बातमी कोर्टाला स्वतः कळवा.

खटला संपला, अगदी निर्दोष सुटका झाली, तरी लगेच सगळं सुटत नाही. कलम ४८१ प्रमाणे वरच्या कोर्टात हजर राहण्यासाठी सहा महिन्यांचा बाँड घेतला जातो, आणि बऱ्याचदा जामीनदार तोच असतो. तो काळ संपल्यावर अपील झालं नसल्याची खात्री करून रोख रकमेच्या परतीचा अर्ज द्या: मूळ पावती, निकालाची प्रमाणित प्रत, ज्याच्या नावावर पावती आहे त्याचं ओळखपत्र आणि रद्द केलेला धनादेश. पावती हरवली असेल तर प्रतिज्ञापत्र आणि हमीपत्र मागतात. अर्ज पुढे ढकलू नका. फार वर्षं पडून राहिलेली ठेव सरकारजमा झाली की ती परत काढायला कोषागारापर्यंत कागद फिरवावे लागतात.